घोंगडी कोणाची

मॅडमनी बुटाच्या टोकानं घोंगडीचा काठ उचलला. खाली काही मेलेलं निघेल अशा नजरेनं बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय अंथरलंयस? आवर आधी. इथे तरी आपलं गाव दाखवू नकोस."

दोहाचं विमानतळ. पुढच्या विमानाला अजून नऊ तास. कंपनीनं आम्हा दोघींना जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलेलं. मॅडम पुण्याच्या, माझ्या वरिष्ठ. मी राणीसावरगावची, मेंढपाळाची लेक. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगायचे. त्या दिवसापर्यंत.

मॅडमकडं लाउंजचं कार्ड होतं. त्या सकाळीच आत गेल्या. मी खुर्च्यांमागं कोपरा धरला. एसी इतका गार की दात वाजायलेते. बॅगेतून घोंगडी काढली. मेंढरांमागं चालता चालता बापानं तिचं सूत काढलेलं. निघताना म्हणाला होता, थंड मुलूख हाय म्हणत्यात, असू दे.

थोड्या वेळानं एक माणूस समोर उभा राहिला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, हातात दोरीनं बांधलेलं खोकं. घोंगडीकडं बघत म्हणाला, "लेकी, ही तर आपल्याकडची दिसायली."

मी बसा म्हणाले. बसायच्या आधी त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. आमच्यात घोंगडीवर पायताण घालून कोणी पाय देत नाही. तेवढ्यावरून कळलं, आपला माणूस.

चारठाण्याजवळचा निघाला. तीन वर्षं वाळवंटात एका मालकाची मेंढरं राखून हैदराबादच्या विमानानं गावाकडं निघालेला. मी त्यांना मामा म्हणू लागले. तिथली मेंढरं आपल्या हाकेला वळतच न्हाईत, मामा सांगत होते. पहिले सहा महिने त्यांनी मराठीतून शिव्या दिल्या, तर सगळी उभी राहून नुसती ऐकायची. मी पोट धरून हसले. डब्यातले धपाटे दोघांनी मिळून खाल्ले.

तेवढ्यात मॅडम आल्या, आणि बुटाच्या टोकानं काठ उचलून ते बोलल्या.

मी काय केलं, तर उठून उभी राहिले. आणि म्हणाले, "माझी नाही, मॅडम. यांची आहे."

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. मग मॅडमना म्हणाले, "हां बाई, माझीच हाय. पोरगी कुडकुडायली होती म्हणून दिली." बूट घातले, घोंगडीची नीट घडी घातली, मांडीवर घेतली. मॅडम त्यांच्या देखत मला म्हणाल्या, अशा लोकांना लगेच जवळ करू नये. मी "हो मॅडम" म्हणाले.

तेही मीच म्हणाले.

मॅडमनी मला पाहुणी म्हणून लाउंजमध्ये नेलं. मऊ खुर्ची. गरम सूप. वाटी तशीच बाजूला सारली. होस्टेलला बाप भेटायला आला होता ते आठवलं. डोक्याला पटका, खांद्यावर हीच घोंगडी. पोरी फिदीफिदी हसल्या होत्या. सगळ्यांसमोर त्याचा हात धरून मी सांगितलं होतं, हा माझा बाप. सतरा वर्षांची होते, खिशात काही नव्हतं आणि भ्याले नव्हते. आता पगार आहे, पासपोर्ट आहे. आणि एका बुटाच्या टोकाला भ्याले.

उठले. मॅडमनी कुठे चाललीस विचारलं. तोवर मी दाराबाहेर होते.

हैदराबादच्या गेटवर मामा रांगेत होते. घोंगडी काखेत. मी म्हणाले, "मामा, घोंगडी द्या."

"कोणाची म्हणून मागायलीस?"

"माझी."

"मग मला कशाला सांगायलीस? मला ठाऊकच हाय की. त्या बाईला सांग."

दोन्ही हातांनी त्यांनी ती माझ्या हातात दिली. रांग पुढं सरकली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

त्याच जागी परत घोंगडी अंथरली. बूट काढून बसले. तासाभरानं मॅडम शोधत आल्या. "परत तेच? त्या माणसाची उचलून आणलीस की काय?"

"माझी आहे. माझ्या बापानं हिचं सूत काढलंय. मघाशी मी खोटं बोलले. बसायचं असेल तर बूट काढून बसा."

त्या बसल्या नाहीत. पुढं महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. बोलू देत.

पण मामांनी हे ऐकलं नाही. त्यांचं विमान तेव्हा उडालं होतं. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. खोटं बोलले त्यांच्या तोंडावर, खरं बोलले त्यांच्या माघारी. हे फिटायचं नाही, आणि फिटलं असं मी कधी म्हणणारही नाही.

आता ती घोंगडी ऑफिसात माझ्या खुर्चीच्या पाठीवर असते. कोणी विचारायच्या आधी मीच सांगते. माझी आहे. मेंढरं राखणाऱ्याच्या हातची आहे. आणि एकदा मी हिला माझी नाही म्हणाले होते, तेही सांगते.