रेघ पुसणारा मेजर

मेजरला जमिनीवर रेघ सहन होत नसे. पोरांनी कबड्डीची रेघ मारली, की हा चपलेनं पुसून टाकायचा. पोरं शिव्या घालायची. खरं तर फौजेत तो ट्रक चालवायचा. पण आमच्या सोनाळ्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.

युनोच्या शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून तो आफ्रिकेत राहून आला होता. तिथं एका मुलखानं मोठ्या देशापासून फारकत घेतली. नवा झेंडा लागला, लोक नाचले. मग तेल कोणाचं, रेघेवरचं गाव कोणाचं, यावरून कापाकापी. मेजर सांगायचा, "नाक्यावर एकच सवाल. तू कोणीकडचा? इचार कराले थांबला, तो मेला."

माझी बायको त्याला चहा देताना चिडवायची, "भाऊजी, तुमच्या गोष्टीत कोणी जितं राह्यते काय?"

"हाव वैनी. रेघ मारणारा."

मग आमच्याच गावात नाल्यापलीकडची वस्ती अडून बसली, ग्रामपंचायत वेगळी पाहिजे. पोळ्याच्या तोरणाखाली पहिल्या जोडीचा मान त्यांना कधी मिळाला नव्हता, तो राग. कागद बुलढाण्याला गेले. मेजर दोन्हीकडे बोंबलत फिरला, "अबे, मसणवटा तिकडं, पाण्याची टाकी इकडं. वाटसान कसं?"

दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "तू कोणाचा माणूस बे?"

वस्ती वेगळी झाली. गुलाल उडाला. इकडच्यांनी त्यांचं पाणी तोडलं. तिकडच्यांनी नाल्याच्या पुलावर चुन्याची रेघ मारली, इकडचा मुडदा मसणात येणार नाही म्हणून.

पहिला मुडदा माझ्या बायकोचा. मी मडकं घेऊन पुढं, मागं तिरडीला मेजर. रेघेपाशी आला अन् सवयीनं पायानं चुना पुसू लागला. दगड कुठून आला, कोणी पाहिलं नाही. मेजर पडला, त्याच्या अंगावर तिरडी. दोघांना उचलायचं सोडून लोक काठ्या घेऊन भिडले. संध्याकाळी गोठे पेटले, बैलांसकट. बायकोला मी माझ्या वावराच्या धुऱ्यावर जाळलं. मेजर दवाखान्याच्या वाटेतच गेला.

आता पुलाच्या दोन्ही टोकांना मेजरचा फोटो आहे. इकडं लिहिलंय, आमचा शहीद. तिकडंही तेच. पोळ्याला दोन्हीकडून हार पडतात, अन् मधली रेघ दरसाल नव्या चुन्यानं मारतात.

बायकोचा फोटो कोणी लावला नाही. ती तापानं मेली होती. तापानं मेलेलं माणूस कोणाच्याच कामाचं नसते.