हसनचाचांची तांबडी नोट

हसनचाचांना मी शेवटपर्यंत खोटं सांगितलं. ते गेले त्याला काही आठवडे झाले, पण हे कबूल केल्याशिवाय त्यांच्यावर एक ओळही लिहिण्याचा मला अधिकार नाही. हॉस्पिटलात ते रोज विचारायचे, "दत्ता, नोट आणलीस?" आणि मी म्हणायचो, "उद्या आणतो, चाचा." नोट उरलीच नव्हती...

चाचा रत्नागिरीकडचे. इथे बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान. इथली म्हातारी माणसं शंभर फिल्सला अजून 'रुबिया' का म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. एके काळी या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात तो वाहून जाऊ लागला, तेव्हा भारत सरकारनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. रूप आपल्याच नोटेचं, रंग निराळा. कुवेतपासून मस्कतपर्यंत चालणाऱ्या, भारतात मात्र नाही. पुढे साठच्या दशकात बहरीननं स्वतःचा हजार फिल्सचा दिनार आणला, दहा रुपयांना एक, आणि त्या नोटा गेल्या. शंभर फिल्स म्हणजे जुना एक रुपया, एवढा हिशेब जिभेवर राहिला.

चाचांचे वडील त्याच सुमारास इथल्या बंदरावर काम करताना वारले. दफनही इथेच झालं. गावच्या कुणीतरी त्यांचा शेवटचा पगार घरी पोचवला. आईनं बाकीच्या नोटा बदलून घेतल्या आणि दहाची एक तांबडी नोट ठेवून दिली. वडिलांचा फोटो घरात नव्हता. "त्यांचा हात लागलेली तेवढीच एक वस्तू," चाचा म्हणायचे.

ती नोट मी गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी मागितली. दोन्हीकडच्या माणसांना जगवणारा रुपया, एकदा पाटावर मांडावा असं वाटलं. चाचा हसले. "ने की. पण तुझ्या लक्ष्मीला सांग, पाहुणी आहे. ठेवून घेऊ नको म्हणावं."

माहूज भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी नोटेवर हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं, हात जोडले. आमच्याकडे तसंच करतात. सकाळी ओलं कुंकू कागदात मुरलेलं दिसलं. घाबरून ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, आणि घडीवर विरलेला तो कागद बोटांखाली लगदा झाला. बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा, पाय धरून सांगा." मी गेलो नाही. "जपून ठेवलीय," असं चाचांना सांगत राहिलो, आणि मग त्यांचं दुखणं निघालं.

"एकदा हातात दे रे," ते म्हणायचे, "बापाचा चेहराच आठवत नाही आता." मी सूकमधली, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातली, जुन्या नाण्यांची सगळी दुकानं पालथी घातली. तसली नोट मिळाली असती, तर परक्याची नोट बापाची म्हणून त्यांच्या मुठीत ठेवली असती... तेवढीही तयारी झाली होती माझी. मग एक दिवस त्यांनी विचारणंच सोडलं. त्यांना कळलं होतं, की ते नुसतेच थकले होते, हे आता कोण सांगणार?

दफनानंतर गावाहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, झुबेदाआपांचा फोन आला. "दत्ता, हसनच्या सामानात अब्बांची नोट असेल. पाठव रे बाबा. मला आता तेवढीच हवी आहे."

'पाठवतो' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"आपा, नोट नाही," मी म्हणालो. "माझ्या हातून नासली. चाचा मागत राहिले, मी उद्या म्हणत राहिलो. त्यांच्याकडे माफी मागायची हिंमत झाली नाही. आता तुमच्याकडे मागतोय. मला माफ करा."