ओलीबाईले दुसऱ्या घरची साक्ष

वॅगन दुरुस्तीच्या आमच्या शेडमधी एका कोपऱ्यात तेलकट चिंध्यांचा ढीग राहे. तिथं चिंधी टाक असं कोणी कोणाले सांगतलं नव्हतं, पण ढीग रोज वाढे. किश्श्यांचं बी तसंच. दर रविवारी दुपारी रायपुरात माझ्या गुढियारीच्या घरी चार डोकी बसतात, अन् उठतात तवा कोपऱ्यात एखादा किस्सा पडलेला राह्यते. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्ध लिहिणं मले जमत नाही, अन् जमवाची हौस बी नाही. जसं झालं तसं सांगतो.

माझी पोरगी सुनंदा नव्या रायपूरले सरकारी ऑफिसात. केस पिकाले आले तिचे. तिच्याच ऑफिसातला साहू, अन् रेल्वेतला मेश्राम. हे तिघं एक खेळ खेळतात. पट नाही, पत्ते नाहीत. मेश्राम गोष्ट सांगते, बाकीचे गोष्टीत शिरून लढतात, अन् जिंकले का मेले ते फासा ठरवते. फाशाले वीस बाजू!

पहिल्या दिवशी तो फासा पाहून मी ओरडलो, "माझ्या घरात जुगार चालणार नाही!"

मेश्राम शांतपणे म्हणे, "काका, जुगारात पैसा जाते. इथं जीव जाते."

मी पाहाले बसलो, तो बसलोच!

*

मेश्रामची गंमत पहा. भुताची सारी सोंगं तोच घेते, अन् वरून म्हणते, "आमच्या घरी भूत मानत नाहीत, काका."

एकदा त्यानं दलदलीतला अजगर आणला. आणला म्हणजे काय, टेबलावर खडूचा तुकडा ठेवला अन् आवाज खाली घेतला. बस! मे महिन्याची दुपार, कूलर घरघर करून राहिला, अन् माझ्या तळपायाले चिखल लागला! मी गुपचूप पाय खुर्चीवर घेतले. साहू हसाले लागला. वाकून पाह्यलं, तर त्याचे बी पाय वरच!

भरलेली वॅगन जॅकवर उचललेली मी जन्मभर पाह्यली. नुसत्या आवाजानं माणसं उचललेली या टेबलापाशीच पाह्यली.

*

मग बातमी आली का या खेळासाठी भुताखेतांचं नवीन पुस्तक निघून राहिलं. आपल्याच मुलखातली भुतं, गावोगाव फिरून जमवलेली. कोणतं येईन, कोणतं नाही, याच्यावर हे तिघं असे भांडाले लागले जशी वावराची वाटणी चालू हाय!

शेवटी मेश्रामनं कायदा केला. ज्या भुताचं नाव घ्यायचं, ते दुसऱ्या घरच्या माणसानं बी ऐकलेलं पाहिजे. दोन घरची साक्ष असन, तरच ते पुस्तकात येईन असं धरायचं. एकाच घरातलं भूत बाद!

साहू छत्तीसगढ़ी माणूस. तो रक्सा घेऊन आला, म्हणजे राक्षसच. सुनंदा म्हणे, "ऐकला हाय आम्ही बी. पण उंच किती?"

साहूनं तिथूनच गावी मायले फोन लावला, स्पीकरवर. "दाई, रक्सा कतका ऊँच होथे?"

म्हातारी जराही थांबली नाही. "तोर ददा ले थोरकुन छोटे!"

मागून ददाचं, म्हणजे साहूच्या बापाचं, खाकरणं ऐकू आलं. साहूनं फोन कापला. रक्सा पास!

*

चकव्यावरून मोठं भांडण. आमच्या विदर्भात लेकरू बी सांगन, चकवा लागला का माणूस वावरात फिरून फिरून त्याच जागी येते. पण साहू म्हणे, "पुराना हो गया दीदी. अब खेत ही कहाँ बचे?"

दुसऱ्याच दिवशी हा साहू स्कूटरवर नव्या रायपूरच्या एका सेक्टरले गेला. रुंद रस्ते, सारखे चौक, सारखी झाडं. विचाराले कुत्रं नाही. भर उन्हात त्याच चौकात परत परत! शेवटी त्यानं सुनंदाले फोन केला.

"मान गया दीदी! चकवा ज़िंदा है! बस, उसका ट्रांसफर हो गया है!"

*

मग एका रविवारी सुनंदानं ओलीबाई काढली.

ही तिच्या मायची. माझी बायको भंडाऱ्याकडची. पोरगी सारखी तलावाकडं पळे, म्हणून माय तिले सांगे. भर दुपारी ओलीबाई दारात येते. केसातून पाणी गळते. म्हणते, "बाई वं, कोरडं फडकं दे." दिलं का ती सारं आंग पुसते अन् फडकं परत करते. फडकं कोरडंच! अन् ती ओलीच!

मले ते ऐकून दरवेळी कसंतरी होई. किती पाण्यात बुडली असन ते बाई, का पुसून बी सरत नाही!

सुनंदा उभ्यानं सांगून राहिली होती. साहू म्हणे, "दीदी, भाषण है क्या? बैठ जाओ!" ती बसली नाही. तिची माय बी ही गोष्ट उभ्यानंच सांगे, हातात झाडू असो का लाटणं. काहून, ते मी कधी विचारलं नाही. बाईमाणसाले बसाले वेळ कुठं राह्यते, असंच मले वाटे.

साक्ष कोणाचीच नाही. साहूच्या दाईनं बी नाही म्हटलं. मेश्राम हळूच म्हणे, "ताई, बाद."

मी आपलं तोंड उघडलं. "अवं, मायनं तुह्यासाठी बनवलेली होती ते. तलावापासून दूर ठेवाले."

सुनंदा म्हणे, "आई माझ्यासंगं कधी खोटं नाही बोलली, बाबा."

माय जाऊन वर्ष बी झालं नव्हतं. त्या रविवारपासून पोरगी साक्ष शोधत फिरली. भंडाऱ्याच्या मामाले विचारलं. बीरगांवच्या चुलत सासूले विचारलं. ऑफिसच्या बसमधल्या बायांले विचारलं. साऱ्याईचं एकच, "नाही वं, आम्ही नाही ऐकली." भावानंच नाही ऐकली, तर मी काय म्हणणार! ती माझ्याशी कामापुरतंच बोले.

*

पुस्तक आलं. साहूनं झडप घातली. चकवा होता! रक्सा होता! उंची मात्र लिहिली नव्हती.

सुनंदा ओट्याजवळ चहा गाळत होती. टेबलाकडं आलीच नाही. म्हणे, "बाबा, तुम्हीच पाहा."

पुस्तक हिंदीत. मी अक्षरावर बोट ठेवून वाचणारा. पानं उलटत गेलो. काय काय चित्रं काढली होती, बापा! विहिरीएवढं तोंड, झाडाएवढा हात. अन् मग एका पानावर साधं घर. साधं दार. दारात एक बाई, केसातून पाणी गळून राहिलं, अन् पुढं केलेल्या हातात घडी घातलेलं फडकं.

नाव वेगळं होतं, गीली दाई, म्हणजे ओली मायच. सांगणारीचं गाव महानदीच्या पल्याडचं. तिकडं आमचं कोणी नाही, आम्ही कोणी कधी गेलो नाही. पण गोष्ट तीच. फडकं कोरडं, बाई ओली.

मी मोठ्यानं वाचत गेलो. शेवटच्या ओळीवर आलो.

"इसका नाम बैठकर नहीं लेते. बैठने की जगह गीली हो जाती है."

चहा गाळायचा आवाज थांबला. पहिली खुर्ची सरकली ते मेश्रामची. मग साहूची.

सुनंदा ओट्याजवळून माझ्याकडं पाहून राहिली होती. डोळे भरलेले.

"उठा बाबा," म्हणे.

मी उठलो. खुर्चीकडं वळून मात्र कोणीच पाह्यलं नाही.