फाटकाची खाच

पॉइंट सोरेल गावाच्या दक्षिणेला बंधाऱ्यात एक पोलादी फाटक आहे. एरवी ते बाजूला सरकवलेलं असतं आणि मधला रस्ता थेट बोटींच्या धक्क्यावर उतरतो. वादळ निघालं की फाटक ट्रकला तार बांधून रुळावरून ओढायचं, रस्ता बंद करायचा. मग आखाताचं पाणी गावात शिरत नाही. हे काम झेनोबी व्हर्डिनचं.

तिचं स्वतःचं घर मात्र फाटकाबाहेर, पाण्याच्या बाजूला. बंधारा आखला तेव्हा तिची गल्ली बाहेर राहिली. शेजारी एकेक करून उत्तरेला निघून गेले. झेनोबीने नवरा गेल्यावर घर उंच खांबांवर चढवून घेतलं आणि तिथेच राहिली. वर बंधाऱ्यावरची नोकरीही धरली. गावात तिला सगळे तांत, म्हणजे मावशी म्हणतात. धक्क्यावर कोणी ना कोणी म्हणायचंच, "तांत, स्वतःलाच बाहेर कोंडायची नोकरी तुला बरी सापडली."

"कोणीतरी नीट कोंडायला हवं ना," ती म्हणायची.

नीट म्हणजे काय, ते तिचं ठरलेलं होतं. वादळांचा मोसम लागण्याआधी चाकांना ग्रीस. कडेच्या रबरी पट्टीवरून उघडा हात फिरवायचा, कारण बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. आणि स्वच्छ उन्हात एकदा फाटक पूर्ण बंद करून बघायचं. अर्धं ओढलेलं ती धरत नसे.

त्या वर्षी राज्याची माणसं तयारी बघून गेली होती. नवे भोंगे, नवा जनरेटर, कोणी कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं याचे फलक. फाटकाचा ताजा रंग बघून त्यांनी मान डोलावली, फोटो काढला. ओढून दाखवा असं कोणी म्हणालं नाही.

झेनोबीने ओढायचा दिवस धरला तो नेमका मासेमारीच्या स्पर्धेचा निघाला. आधीचा आठवडा पावसाने खाल्ला होता आणि पुढच्या आठवड्यात ट्रक मिळणार नव्हता. स्पर्धेचा म्होरक्या वॉलेस ट्रोस्क्लेर, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याने तिला घरी येऊन समजावलं, धक्क्यावर येऊन समजावलं, शेवटी कॉफीसुद्धा पाजली. बाहेरगावचे लोक बोटी घेऊन येणार आणि आपण तोंडावर दार लावायचं, हे बरं दिसतं का, असं त्याचं म्हणणं.

"महिन्याभराने ओढ. फाटक कुठे पळून जातंय?"

"पळत नाही ना, तीच तर काळजी आहे," झेनोबी म्हणाली आणि कप विसळून ठेवला.

स्पर्धेच्या सकाळी तिने ट्रक लावला. मागे बोटी जोडलेल्या गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. तार ताणली गेली. फाटक थोडं सरकलं आणि अडकलं. पुन्हा ओढलं, तसूभर हललं नाही.

"म्हातारं झालंय," रांगेतून कोणी म्हणालं. "बाईसारखंच."

झेनोबी गुडघ्यांवर बसली. रस्ता ओलांडणाऱ्या रुळाच्या खाचेत तिने पहारीचं टोक घातलं. वर धूळ, खाली कालवांचे शिंपले, त्यांच्यावर डांबर. वाहून आलेला गाळ नव्हता तो. कोणीतरी मन लावून ठोकून बसवलेलं होतं. तिने मान वर केली. वॉलेस रांग सोडून जवळ आला होता आणि हॉर्न ऐकूच येत नसल्यासारखा उभा होता.

"आशीर्वादाच्या मिरवणुकीला भरली," तो हळू म्हणाला. "गेल्या खेपेला मेरीमातेच्या गाडीचं चाक यात अडकलं, मूर्ती कलली. पाद्र्यांनी हात लावला म्हणून वाचली. बायका रडायला लागल्या. म्हणून यंदा आम्ही चार जणांनी आदल्या दिवशी भरून टाकली. नंतर काढायची राहिली."

बोटी सुखरूप परत याव्यात म्हणून दरवर्षी मातेला धक्क्यावर नेतात. त्या मातेच्या वाटेसाठी त्यांनी फाटकच बुजवलं होतं.

झेनोबीने त्याच्या हातात पहार दिली. "तू भरलीस. काढ."

ऊन चढलं तसं डांबर मऊ होऊन पहारीला चिकटू लागलं. वॉलेस वरवर खरवडून पुढे सरकला की ती त्याला मागे बोलवायची. तळाचं लोखंड दिसेपर्यंत काढायचं, मधलं सोडायचं नाही. रांगेतले काही जण गाड्यांतून उतरले, त्यांनीही हात लावला. दुपारी फाटक पूर्ण बंद झालं. रबरी पट्टीत एक चीर निघाली, ती झेनोबीने बदलून घेतली. स्पर्धा उशिरा सुरू झाली. पुढच्या मिरवणुकीसाठी खाचेवर टाकायला वॉलेसने जाड फळी बनवली, काढता-घालता येणारी. झेनोबीने ती दोनदा उचलून बघितली आणि ठेवून घेतली.

ऑगस्टच्या शेवटी वादळ आलं. कोळंबीच्या बोटी खाडीत वर आणून झाडांना बांधल्या गेल्या. दोर ढिले ठेवले होते, नाहीतर पाणी चढताना बोटच खाली खेचली जाते. झेनोबीने कोंबड्या आणि शिवणयंत्र फाटकाच्या आत आणलं. बाहेर माणूस उरलं नाही याची तिने स्वतः फिरून खात्री केली.

"फ्रीझर राहिला तुझा," वॉलेस म्हणाला. "मी पटकन आणतो. थांबव जरा."

पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं. तिने एकदा आपल्या घराकडे पाहिलं.

"राहू दे. ओढा."

फाटक न अडखळता सरकलं आणि पट्टी दाबून बसलं. पाणी वादळभर त्याला टेकून उभं राहिलं. गावात पावसाची डबकी साचली, छपरं उडाली, पण आखात आत आलं नाही.

वारा पडल्यावर दोघं बंधाऱ्यावर चढली. झेनोबीचं घर खांबांवर होतं. जिना नव्हता, दक्षिणेची भिंत नव्हती. पाणी उतरलं की आधी घराकडे जाऊ, शिडी मी आणतो, असं वॉलेस म्हणाला.

पाणी उतरलं, फाटक उघडलं. खाचेत गाळ आणि लव्हाळी गच्च बसली होती. झेनोबीने फावडं घेतलं.

"अगं, घर बघायचंय ना?"

"घर जायचं नाही आता कुठे. वादळांचा सप्टेंबर अख्खा बाकी आहे. पहार घे."

वॉलेस खाली बसला. थोडं पुढे सरकला, तोच तिने त्याला मागे बोलावलं. कोपऱ्यात तळ दिसत नव्हता.