लाखाचा स्वल्पविराम
परवा एका दुकानात प्रिंटरच्या शाईच्या रिबनीचा वास आला आणि मला सुप्याच्या कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली आठवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जर्मनीहून गिऱ्हाईक यायचं होतं आणि यंत्रांच्या किमतीचं पत्रक रुपयांत आणि मार्कांत छापायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं होतं. माझा प्रोग्राम सव्वा लाखाचा आकडा १२५,००० असाच छापायचा. आमचे म्हातारे हिशेबनीस कागद लांब धरून म्हणाले, "ह्यो आकडा मला वाचता येत न्हाई. लाखाचा स्वल्पविराम कुठं हाय?" जर्मनीत हजारांनंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात, हे तर मला ठाऊकच नव्हतं. माझ्याबरोबरच कामाला लागलेली बेलापूरची एक मुलगी शेजारच्या टेबलावर बसायची. तिनं सकाळभर खपून असा प्रोग्राम लिहिला की तो आधी देश विचारायचा आणि मग आकडा छापायचा. भारत म्हटलं की १,२५,०००, जर्मनी म्हटलं की १२५.०००. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि तिला म्हणाले, "मॅडम, पाहुणे आले की माझ्यासोबत तुम्हीच बसा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. डबा खाताना तिनं मला सगळं समजावून सांगितलं. ते इतकं सोपं होतं की मी अर्ध्या डब्यालाच झाकण लावलं. "तुलाही सुचलं असतं की," ती म्हणाली, आणि तिचा तो चांगुलपणाच मला जास्त झोंबला. आता फोनवर कुठल्याही देशाचा आकडा आपोआप नीट दिसतो, कुणाचं तिकडे लक्षही जात नाही. माझं जातं, आणि तिचा अजून थोडा हेवा वाटतो.