कडुलिंबाला खिडकीची सीट

एसटीत कडुलिंबाच्या डहाळ्या खिडकीच्या सीटवर ऐसपैस बसल्या होत्या आणि मी दांड्याला लटकून उभी होते. घोडेगावहून डिंभ्याच्या धरणापलीकडे डोंगरात जाणारी दुपारची गाडी. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या खांद्यावर व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस गार ठेवायचा बर्फाचा डबा.

"भाऊ, तो पाला खाली ठेवा की. माणसं उभी आहेत इथं," मी कंडक्टरला म्हटलं.

"न्हाई जमायचं, बाई. देवीचा लिंब हाय. कुणाच्या पायाखाली आला तर वरची लोकं मला गाडीतून उतरू द्यायची न्हाईत." त्यानं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं. "सध्या लई मागणी हाय बगा. रोज कुणाचा तरी सांगावा येतोय, लिंब आना म्हनून."

मी तिकीट मुठीत धरून सीटवरच्या डहाळ्या मोजायला लागले.

का ते सांगते. मी नर्स, सरकारी भाषेत एएनएम. नव्वदच्या दशकात आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला एका सबसेंटरवर होते. सबसेंटर म्हणजे दोन खोल्यांचा दवाखाना, त्याच्यामागे माझी खोली आणि आजूबाजूला विखुरलेल्या वाड्या. माझं माहेर कळंबचं. तिथं बांधाबांधावर कडुलिंब. पण वर डोंगरात पाऊस इतका की तो जीव धरत नाही. आणि लेकराला गोवर निघाला की तिकडं देवी आली म्हणतात. दाराला लिंब लागतो. लिंब दिसला की परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही. औषध नाही, सुई नाही, देवी आपल्या पायानं जाईपर्यंत वाट बघायची. म्हणजे लिंब गाडीत बसून वर चालला होता, तर गोवरही वर आला होता.

आणि माझा आठवड्याचा रिपोर्ट काय सांगत होता? झिरो. गोवरचे पेशंट शून्य. कारण कुणी दाखवतच नव्हतं. हा कागद माझ्याकडून पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, तिथून घोडेगावला, मग पुण्याला, मुंबईला, दिल्लीला. साऱ्या देशाचा आकडा म्हणजे शेवटी माझ्यासारख्या बायांच्या आकड्यांची बेरीज. तिथं बसलेल्या माणसाला काय कप्पाळ कळणार की या शून्यामागं बंद दारं आहेत!

पुढच्या काही बाजारांच्या दिवशी मी एकच काम केलं. लिंब कुठं उतरतो ते बघितलं. आधी धरणाजवळच्या वाडीला उतरायचा. तिथली माणसं नारायणगावकडं द्राक्षांच्या कामाला गेली होती, ती परत आली होती. मग त्याच्या वरच्या वाडीला. मग त्याच्याही वरच्या. गोवर एकेक स्टॉप चढत आमच्या वाडीकडं येत होता.

आमच्या वाडीत ठमी होती.

ठमी सुगंधाची मुलगी. आठवा महिना संपत आलेला, दोन दात, आणि मला बघितलं की माझ्या घड्याळावर झडप. सुगंधा रोज संध्याकाळी तिला कडेवर घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसायची. फार बोलायची नाही. पण दुसरं कोण होतं? नवरा भोसरीला कंपनीत, शिफ्ट सुटली तर एखाद्या रविवारी यायचा. सरळच सांगते, मला तिथं फार एकटं वाटायचं. एका माणसाची आमटी काही केल्या चांगली होत नाही, हे मी तिथं शिकले. सुगंधा आली की दिवस संपल्यासारखा वाटायचा, नाही तर तो नुसता मावळायचा.

गोवरची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. साथ जाहीर झाली तर मात्र सहा महिन्यांपुढच्या लेकरांनाही देता येते. ठमीला ती सुई आत्ता हवी होती. म्हणून साथ जाहीर व्हायला हवी होती. मी घोडेगावला तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"सिस्टर, पेशंट बघितलेत तुम्ही?"

"नाही साहेब. आत कुणी घेत नाही. दाराला लावलेला लिंब बघितला."

"लिंबावरून साथ जाहीर करू? वर काय कळवू, झाडाला गोवर झालाय?"

शेजारचे क्लार्क हसले. मीही हसले असते, ठमी नसती तर.

"टीम पाठवा साहेब. पण माझ्याबरोबर पायी येऊ द्या. आधी म्हाताऱ्यांशी बोलू."

"पायी कशाला? जीप आहे की. लिंब दिसेल त्या दारात जायचं, पुरळ बघायचं, नोंद घ्यायची. सोपं आहे."

सोपं! जीप गेली, मला न सांगता. माणसं नवी होती, मुद्दाम कुणी काही केलं नाही. पण बूट घालून आत गेली; दोन-तीन पेशंट लिहिले, साथ म्हणायला पुरेत एवढे नाहीत. एकानं तर दारावरची डहाळी मोडून माश्या वारल्या. बस्स. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाड्यांत झालं, की नर्सबाईनं देवीच्या दारावर सरकारची माणसं घातली.

दुसऱ्या दिवसापासून एकाही दारावर लिंब नाही. गाडीतही नाही. मला बसायला जागा मिळायला लागली, आणि शेजारी कुणी बसेना. हापशावर मी गेले की बायका अर्धा हंडा घेऊन निघून जायच्या. सुगंधाही पायरीवर यायची थांबली. तिच्या सासूनं, हौसाआजीनं, दारातूनच मला सुनावलं, "आल्या पावली माघारी जा, बाई. तुमी लई शिकलेल्या. आमाला आमची देवी बरी."

घोडेगावच्या मीटिंगला साहेब मात्र खुशीत. "बघा सिस्टर, आपण फिरलो आणि ग्राफ खाली आला."

"साहेब, लिंब खाली आलाय. गोवर नाही."

"पुरावा?"

पुरावा नव्हता. परत येताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

तरी रोज दुपारी वाडीतून एक चक्कर मारायचं मी सोडलं नाही. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती. अशाच एका दुपारी सुगंधाच्या घरापुढं आले आणि पाय थबकले. दाराला लिंब. वाळून कोळ झालेला, पाला निम्मा गळालेला. असा लिंब कुणी बाहेर लावत नाही. हा घरात लपवून ठेवलेला होता आणि कुणीतरी तो आत्ताच काढून बाहेर टांगला होता. साऱ्या वाडीत तेवढंच एक दार, आणि माझ्या रोजच्या वाटेवरचं.

मी चपला काढल्या, हापशावर जाऊन हातपाय धुऊन आले आणि आत गेले.

सुगंधा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर ठमी. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हा खड्डा दिसला की न्यूमोनिया समजायचा आणि एक मिनिट घालवायचं नाही. घड्याळ तिच्यासमोर धरलं, तर तिनं हातही उचलला नाही.

"मीच लावला, बाई," सुगंधा म्हणाली. "दुसरं कसं बोलावू? तुमच्याकडं जायचं न्हाई अशी सासूनं शपथ घातलीया."

तेवढ्यात मागं हौसाआजी. "देवीचं लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं न्हाई! कोप व्हईल!"

"आजी, हिला घोडेगावला न्यायलाच पाहिजे. नाही तर ही उद्याचा दिवस बघायची नाही."

"आत्या, कोप व्हायचा त्यो माज्यावर हू द्या," सुगंधा उठली. "मी चालले."

आजी दार अडवून उभी. तिचेही डोळे भरलेले. मला तेव्हा कळलं, ती हट्टी नव्हती, घाबरलेली होती. नातीला देवीच्या हातून सोडवायला जावं तर देवी रागावणार, आणि न जावं तर नात जाणार.

"आजी," मी म्हटलं, "देवीला मागं का ठेवायचं? तिलाही घेऊ बरोबर. तो लिंब तुम्ही हातात धरा. एसटीत तिला खिडकीची सीट मिळते, मला नाही मिळत. मी उभी राहीन."

 म्हातारीनं दारावरचा लिंब उतरवला, पदरात घेतला आणि पायात काही न घालता आमच्यापुढं चालायला लागली.

कंडक्टरनं लिंब बघितला आणि एक शब्द न विचारता सीट रिकामी करून दिली. मागच्या माणसांनी हात जोडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हा कचरा बाहेर काढा. मी म्हटलं, "डॉक्टर, तो बाहेर गेला तर लेकरूही बाहेर जाईल." त्यांनी एकदा आजीकडं बघितलं आणि लिंब खाटेला बांधू दिला. वर ऑक्सिजन, खाली लिंब. ठमीच्या छातीतला खड्डा हळूहळू भरला. एका सकाळी तिनं माझं घड्याळ धरून ओढलं आणि मी व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

आता पुरावा खाटेवर होता. साथ जाहीर झाली. लस आली, अ जीवनसत्त्वाचे डोस आले. हौसाआजी माझ्याबरोबर वाडीवाडीला फिरली, पायी. "देवी एसटीनं जाऊन आली, तुमी कशाला भिता?" असं सांगायची. सबसेंटरच्या दाराला तिनं लिंब बांधला आणि आयांनी लेकरं आणली. दारांवर पुन्हा लिंब लागले आणि रिपोर्टातला आकडा वर चढला.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुमच्यामुळं आपला तालुका नकाशावर लाल रंगात गेला."

पण एक राहिलं. सगळ्यात वरच्या वाडीत एक मुलगा गेला होता. दारांवर लिंब नव्हता त्याच दिवसांत. मला नंतर कळलं. आई उंबऱ्यात बसली होती, मी तिच्याशेजारी बसले. त्याची नोंद लावायला गेले तर सांगितलं, तो आठवडा क्लोज झालाय. आजही तो आठवडा पुण्यात, मुंबईत, दिल्लीत शून्यच आहे.

दरम्यान मी हट्टानं सबसेंटरपुढं कडुलिंबाचं रोप लावलं. पावसात कुजलं. पुन्हा लावलं, पुन्हा कुजलं. सुगंधा पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "बाई, हितला पाऊस त्याला सोसत न्हाई. तुमाला कसा सोसला?" मी कुजलेलं रोप उपटून बाजूला ठेवलं. पुढं बदली झाली तेव्हा ती ठमीला घेऊन स्टँडवर आली होती. 

नंतर नव्या मुली ट्रेनिंगला यायच्या, वह्या उघडून बसायच्या, बाई काय लिहून घेऊ म्हणायच्या. मी त्यांना एवढंच सांगायचे: झिरो लिहायचा तर खुशाल लिहा, पण आधी त्या दारात जा आणि चपला काढा.