मावसभावाच्या नावाचं पदक

आमच्या वडिलांना युद्धात शौर्यपदक मिळालं. त्यावर नाव त्यांच्या मावसभावाचं आहे. यात सरकारची काही चूक नाही.

झालं असं, की जहाज सुटायच्या आदल्या दिवशी काकांना, म्हणजे याच मावसभावाला, कावीळ झाली. भरती करणाऱ्या दलालाला माणूस हवा होता, मग तो कुणी का असेना. वडील काकांचं खलाशी-पुस्तक घेऊन चढले. त्यातल्या फोटोत नाक तेवढं दिसायचं, आणि ते नाक आमच्या अख्ख्या खानदानात एकच आहे.

काम बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं. सातव्या आठवड्यात जहाजाला पाणसुरुंग लागला, वाफेची नळी फुटली. वडिलांनी तिघांना शिडीवरून वर ओढलं. चौथ्यासाठी परत खाली गेले, तर तो आधीच वर पोचला होता. "विचारून तरी जायचं," असं आई अजून म्हणते. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याबद्दल पदक मिळालं आणि ज्यांचं जहाज होतं त्यांच्या, म्हणजे या परक्या देशात कायम राहायची परवानगीही. दोन्ही गोष्टी काकांच्याच नावाने. खरं सांगितलं तर दोन्ही जातील, म्हणून वडील मूग गिळून बसले. मग एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळला. घरात अडचण आली नाही, कारण आई त्यांना 'अहो' म्हणायची.

म्हातारपणी छातीने दगा दिला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. वडिलांचं एकच मागणं होतं, मरायच्या आधी भावाला बघायचं. काकांनी इकडे यायला अर्ज केला, तो फेटाळला गेला. याच नावाचा, याच जन्मतारखेचा इसम आमच्याकडे आधीपासून राहत असून तो सन्मानित आहे, असं उत्तर आलं.

तेव्हा कुठे वडिलांनी मला सगळं सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी कुणाचं नाव लावतेय?"

"काकांचं. चांगला माणूस आहे."

त्यांनी काकांना पत्र टाकलं, 'माझं नाव तिकडे नुसतं पडून आहे. ते घेऊन ये.' गावात वडिलांचा जन्मदाखला होताच, त्यावर काकांचा पासपोर्ट निघणार होता. मी म्हटलं, पकडले गेलात तर दोघंही तुरुंगात जाल.

"एकाच खोलीत ठेवतील का?" वडिलांनी विचारलं. यांच्यापुढे काय डोकं फोडायचं!

विमानतळावर आम्ही कठड्याच्या अलीकडे, काका पलीकडे बाकावर. अधिकाऱ्याने पासपोर्ट बघून नाव पुकारलं. काका ढिम्म. ते नाव आता आपलं आहे, हे ते साफ विसरले होते. अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा पुकारलं. मी कठड्यावरून हातवारे केले, काकांनी उलट मलाच हात हलवला.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले वडील ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."

अधिकाऱ्याने दोघांकडे पाहिलं. "दोघांनाही ऐकू कमी येतं," मी म्हटलं. त्याने शिक्का मारला.

वडील कठडा धरून रडत होते. मला वाटलं, भाऊ दिसला म्हणून. तर म्हणाले, "बेचाळीस वर्षांनी कुणीतरी मला हाक मारली गं."